कॅमॅरो एसएस, एलएस-३ वर सुपरचार्जर: घरच्या गॅरेजमधल्या नोंदी

शनिवार, २ मार्च

गाडी २०१२ ची कॅमॅरो एसएस, मॅन्युअल गिअरबॉक्सवाली, म्हणजे इंजिन एलएस-३, ६.२ लिटरचं व्ही-८, कंपनीचा आकडा ४२६ हॉर्सपॉवर. तिच्यावर सुपरचार्जर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून हवा दाबून आत ढकलणारा ब्लोअर) बसवायचाय, घरीच, जॅक स्टँडवर, लिफ्ट वगैरे काही नाही. किटची खोकी येऊन पडलीत पण एकही उघडलेलं नाही, आधी इंजिन या कामाला पुरं पडेल का ते बघायचं. थकलेल्या इंजिनावर बूस्ट (दाबून भरलेली जादा हवा) लावला आणि ते गेलं तर बूस्टमुळे गेलं की आधीच जायला आलेलं होतं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

आज कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते बघायचं. इंजिन गरम करून घेतलं, इंधन पंपाचा फ्यूज काढला, इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडवले, आठही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडे १८५ ते १९४ पीएसआयच्या मध्ये आले. कंपनीचा निकष तसा बराच ढिला आहे, सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तवाल्याच्या ७० टक्क्यांच्या खाली जाऊ नये एवढंच म्हणतात, पण बूस्टसाठी मला सगळे १० टक्क्यांच्या आत हवे होते आणि ते आहेत. मग लीकडाउन पण केली, एकेक पिस्टन वर टीडीसीला आणून हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते बघायचं. सातव्यात ६ टक्के, बाकी ३ ते ५. सातव्याची हवा ऑइल फिलरमधून येतेय, म्हणजे रिंगांमधून, व्हॉल्व्हमधून नाही. एवढं चालतं.

प्लग सगळे फिकट बदामी, कुठे काळेपणा नाही, चिनीमातीवर काळे-चंदेरी ठिपके नाहीत. असे ठिपके दिसले असते तर आधीच नॉकिंग (सिलिंडरमधलं इंधन नको तेव्हा आपोआप भडकणं) चालू आहे असं समजून मी किट तसंच बांधून ठेवलं असतं.

डायनोवर (चाकांची ताकद मोजायचं यंत्र) आधीचा आकडा काढून ठेवलाय, चाकांवर ३६८ हॉर्सपॉवर. तुलनेला हाच धरायचा, इंटरनेटवर कुणाच्या गाडीने काय केलं त्याचा आपल्या गाडीशी काही संबंध नाही.

रविवार, ३ मार्च

आज पान्याला हात नाही, नुसता हिशोब. हाच ब्लोअर का घेतला ते लिहून ठेवतो.

सुपरचार्जर ढोबळमानाने तीन प्रकारचे. रूट्स, ट्विन-स्क्रू आणि सेंट्रिफ्युगल. रूट्स सगळ्यात जुना, इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलं तेव्हा मोटारी नव्हत्याच, तो हवा ढकलायचा भाता म्हणून वापरला जायचा, भट्ट्यांना वगैरे. हॉट रॉडवाल्यांनी जो ६-७१ ब्लोअर बॉनेट फाडून वर काढला तो पण मुळात जीएमसीच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा भाग, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घनइंच म्हणून ६-७१. सेंट्रिफ्युगल म्हणजे टर्बोचा पुढचा भाग बेल्टवर फिरवायचा, १९६६ च्या शेल्बी जीटी३५० ला पॅक्स्टनचा असा ब्लोअर ऑप्शन म्हणून मिळायचा. त्याचा बूस्ट आरपीएमबरोबर हळूहळू चढतो, वर मजा येते पण खाली काही नाही. मला खालपासून टॉर्क हवाय, म्हणून ईटनचा टीव्हीएस २३००. आहे रूट्सच्याच घराण्यातला, पण चार पाकळ्यांचे रोटर आणि त्यांना १६० अंशांचा पीळ, त्यामुळे जुन्या रूट्सपेक्षा हवा कमी तापते. २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर-१ च्या एलएस-९ इंजिनावर याच घराण्यातला २.३ लिटरचाच ब्लोअर होता आणि ते ६३८ हॉर्सपॉवर द्यायचं.

पण एक गोष्ट विसरून चालत नाही. एलएस-९ चं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना हवा किती पट दाबली जाते ते) ९.१ होतं, पिस्टन फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेले, कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे. कॅमॅरो झेडएल-१ च्या एलएसए ला पण ९.१ च. माझ्या एलएस-३ ला १०.७ आहे आणि पिस्टन कास्ट म्हणजे ओतीव, हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनवाले), कडक असतात पण नॉकिंगचा मार बसला की रिंगच्या वरची कड तुटून येते. कारखान्याने बूस्ट देताना कॉम्प्रेशन उतरवलं ते काही हौस म्हणून नाही. मी इंजिन उघडणार नाहीये, म्हणजे बूस्ट कमी ठेवायचा आणि हवा थंड ठेवायची, माझ्या हातात एवढ्या दोनच गोष्टी आहेत.

पुलीचं गणित सोपं. क्रँकची पुली १९० मिलिमीटर, ब्लोअरची ९०, म्हणजे साधारण २.१ पट. इंजिन ६६०० वर असताना ब्लोअर १३,९०० च्या आसपास फिरणार. त्यातून साडेसात-आठ पीएसआय बूस्ट यावा.

आता तापमान. सायकलचा पंप मारताना नळी खाली गरम होते तेच इथे, फक्त मिनिटाला हजारो वेळा. ८ पीएसआय म्हणजे दाब साधारण १.५४ पट. बाहेर ३० अंश असेल तर आदर्श ब्लोअरमधून पण हवा ७० अंशांवर बाहेर पडते, आणि खरा ब्लोअर ६५ टक्के कार्यक्षम धरला तर नव्वदच्या वर. नव्वद अंशांची हवा १०.७ कॉम्प्रेशनमध्ये पंपावरच्या साध्या पेट्रोलवर म्हणजे नॉकिंगला आमंत्रणच. म्हणून माझ्या मते ब्लोअर बसवणं हे या कामातलं सोपं काम आहे, चार दिवस बोल्ट आवळले की तो बसतो. खरं काम त्याने तापवलेल्या हवेचं काय करायचं हे आहे. किटमध्ये सगळ्यात जास्त लक्ष द्यायची वस्तू इंटरकूलर, आणि लोक फोटो काढतात ब्लोअरचा.

इंजेक्टरचा पण हिशोब केला. क्रँकवर ६०० हॉर्सपॉवर धरले, बूस्टवाल्या इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला ०.६२ पाउंड इंधन, भागिले आठ, आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर चालवायचे नाहीत, तर उत्तर येतं ५५ पाउंडाच्या जवळ. मूळचे साधारण ४२ चे आहेत, म्हणजे पुरणार नाहीत. किटमधले ६० चे आहेत, बरोबर.

शनिवार, ९ मार्च

सोडवासोडवी. इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं आणि बंद पडेपर्यंत चालू दिलं, रेलमध्ये ५८ पीएसआय असतात, तसंच कनेक्टर सोडवला तर पेट्रोल डोळ्यात. मग बॅटरी सोडवली. कुलंट निम्मं काढलं. एअर बॉक्स, थ्रॉटल बॉडी, फ्यूएल रेल, मग मूळचा प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड. प्रत्येक कनेक्टरला मास्किंग टेप लावून त्यावर लिहिलं आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत.

मॅनिफोल्ड उचलायच्या आधी आजूबाजूची सगळी माती-कचरा शॉप व्हॅकने ओढून घेतली आणि उचलल्या उचलल्या आठही पोर्टवर टेप. आधी सफाई मगच उचलणं, हा क्रम महत्त्वाचा. त्या पोर्टमधून गेलेला एक बारीक खडा सरळ व्हॉल्व्हच्या सीटवर जातो.

मॅनिफोल्ड निघाल्यावर मागे, फायरवॉलच्या बाजूला व्हॅलीच्या झाकणावर ऑइल प्रेशर सेन्सर दिसतो. माझा चांगला चालतोय, तरी नवा लावला. या इंजिनांत हा सेन्सर मधेच दगा देतो हे सगळ्यांना माहितीये आणि उद्या गेला तर त्याच्यापर्यंत पोचायला अख्खा ब्लोअर उतरवावा लागणार. तिथेच मागे ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी पण बघितली, मऊ पडली होती, ती पण नवी.

रविवार, १० मार्च

क्रँक पिनिंग. सगळ्या कामात याचीच धास्ती होती म्हणून दादाला बोलावलं, तो मशीन शॉपमध्ये आयुष्यभर ड्रिल आणि रीमर घेऊन उभा राहिलेला माणूस.

एलएस इंजिनांमध्ये पुढचा बॅलन्सर (बेल्ट फिरवणारी क्रँकची पुली) क्रँकवर नुसता दाबून बसवलेला असतो, मध्ये चावी नाही, पिन नाही, सगळा भार घर्षणावर आणि त्या एका बोल्टवर. एसी आणि अल्टरनेटर फिरवायला ते पुरतं. पण ब्लोअर पूर्ण बूस्टवर असताना चाळीस-पन्नास हॉर्सपॉवर सहज खातो, ते सगळे या पुलीतून बेल्टवर जातात, आणि गिअर बदलताना आरपीएम धाडकन पडतात तेव्हा १३ हजारावर फिरणारे रोटर पुलीला उलट ओढतात. बॅलन्सर क्रँकवर थोडा जरी सरकला तरी आधी बेल्ट आणि मग क्रँकचं टोक, दोन्ही खराब. म्हणून बॅलन्सर आणि क्रँक यांच्या सांध्यावरच भोक पाडायचं, अर्धं भोक क्रँकमध्ये अर्धं बॅलन्सरमध्ये, आणि त्यात पोलादी पिन ठोकायची. समोरासमोर दोन पिना.

रेडिएटरचा पंखा काढला तरी जागा जेमतेम, अँगल ड्रिलच बसतं. आधी फ्लायव्हील अडकवायचं टूल स्टार्टरच्या जागी लावलं आणि बॅलन्सरचा बोल्ट सोडवला. ब्रेकर बारला लांब पाइप लावून दोघांनी जोर लावला तेव्हा कुठे तो कडकन सुटला. मग किटमधलं ड्रिलचं गाइड त्याच जागी बोल्टने आवळलं. ड्रिल बिटवर खोलीची रिंग लावून घेतली.

मी ड्रिल सुरू करणार तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब रे, वेग कमी कर, पोलाद आहे ते, जाळशील बिट." ड्रिल त्याने स्वतःकडे घेतलं. कमी वेग, कटिंग ऑइल, थोडं आत जायचं, बाहेर काढायचं, कीस पुसायचा, परत. बिटच्या खोबणीत ग्रीस भरलेलं, म्हणजे कीस तिथेच चिकटून राहतो आणि पुढच्या सीलकडे जात नाही. "आवाज ऐक," म्हणाला, "धार लागतेय तोवर आवाज सारखा येतो, चिरका झाला की काढ बाहेर." खरंच तसंच. भोक पूर्ण झाल्यावर ड्रिल बिट काढून रीमर, तो हाताने टी-हँडलवर, फक्त पुढच्याच दिशेने फिरवायचा, बाहेर काढताना पण उलटा नाही, नाहीतर धार बसते. रीमर बाहेर आला तेव्हा भोकाची भिंत आरशासारखी चकचकीत, आणि बारकाईने बघितलं की त्या गोलात क्रँक आणि बॅलन्सर यांच्यामधली केसाएवढी उभी रेघ अगदी मधोमध दिसते. दादाने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. पिन तेल लावून पितळी हातोडीने हळूहळू आत, शेवटचा ठोका बसला की आवाज बदलतो, भरीव येतो, तिथे थांबायचं.

गाइड १८० अंश फिरवून दुसरी पिन. मग नवा बोल्ट, जुना परत वापरायचा नाही कारण तो ताणून बसणारा बोल्ट आहे. आधी ५० न्यूटन-मीटर, मग वर १४० अंश अँगल गेजने. ते १४० अंश फिरवताना दोघांचाही घाम निघाला. काही जण पिनिंग टाळतात, कमी बूस्टला गरज नाही म्हणतात. माझं मत वेगळं आहे, रेडिएटरचा पंखा एकदा निघालेला असताना हे काम न करता पुढे जाणं म्हणजे शुद्ध आळस.

शनिवार, १६ मार्च

ब्लोअर चढवायच्या आधी इंटरकूलरची चाचणी. याच्या मॅनिफोल्डमध्ये रोटरच्या खाली दोन ब्रिक (इंटरकूलरचे विटेसारखे ठोकळे) आहेत, त्यातून पाणी फिरतं आणि हवा त्यांच्यामधून जाते. ब्रिक गळला तर ते पाणी सरळ इनटेकमध्ये, तिथून सिलिंडरमध्ये, आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दोन्ही तोंडं बंद करून २० पीएसआय हवा भरून ठेवली, सांध्यांवर साबणाचं पाणी. तासभर काटा हलला नाही. किटच्या पुस्तिकेत ही पायरी नाही, ती असायला हवी.

इंजेक्टरच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचा हलका हात, कोरडे ढकलले की रबर कापलं जातं. पोर्टवरचे टेप सगळ्यात शेवटी काढले, मोजून आठ. गास्केट जागेवर, आणि मग ब्लोअर. मॅनिफोल्डसकट चाळीस किलोच्या घरात जातो, हातांनी वाकून बसवायचा म्हटलं तर पाठ जाईल आणि गास्केट सरकेल, म्हणून इंजिन होइस्ट आणि पट्टा. दादा होइस्टवर, मी दोन्ही बाजूंनी गास्केट बघत. खाली येताना मागची व्हॅक्यूम नळी आणि सेन्सरची वायर खाली चेमटत नाही ना हे टॉर्च मारून बघितलं, शेवटच्या इंचभर अंतरात सगळी गडबड होते.

बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, पहिल्या फेरीत ५ न्यूटन-मीटर, दुसऱ्या फेरीत १०. हे आकडे खूप कमी वाटतात पण हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर काम कुठल्या कुठे जाईल.

रविवार, १७ मार्च

पुढचा बंपर काढला, रेडिएटरच्या पुढे हीट एक्स्चेंजर लावला. या पाण्याचं सर्किट इंजिनाच्या कुलंटपासून पूर्ण वेगळं असतं, टाकी, इलेक्ट्रिक पंप, हीट एक्स्चेंजर, ब्रिक, परत टाकी. पंप टाकीपेक्षा खाली आणि शक्य तितका खालच्या पातळीवर, कारण हे पंप पाणी ढकलतात, ओढत नाहीत. वायरिंग रिलेमधून, फ्यूज बॅटरीच्या जवळ, अर्थ सरळ चासीला रंग खरवडून. पाणी डिस्टिल्ड ७० टक्के, कुलंट ३० टक्के, इथे गोठायची भीती नाही आणि नुसतं पाणी कुलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, कुलंट फक्त गंज लागू नये म्हणून.

होज आखताना एक गोष्ट, कुठेही उलटा यू होऊ द्यायचा नाही, तिथे हवा अडकते. माझ्याकडे ब्रिक टाकीपेक्षा उंच आहेत, तिथे काही इलाज नाही.

शनिवार, २३ मार्च

प्लग एनजीकेचे टीआर-६, मूळच्यापेक्षा एक पायरी थंड, गॅप मूळच्या १ मिलिमीटरवरून ०.८ वर आणला कारण दाबलेल्या हवेत ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. १५ न्यूटन-मीटर, इंजिन थंड असताना. एमएपी सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) २ बारचा, मूळचा वातावरणाच्या दाबाच्या वर वाचतच नाही. इनटेक तापमानाचा सेन्सर ब्रिकच्या खाली हलवला, तो एअर बॉक्समध्येच राहिला असता तर बाहेरची हवा वाचत बसला असता आणि इंजिन काय पितंय ते ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळलंच नसतं. बेल्ट चढवला. एचपी ट्यूनर्स या सॉफ्टवेअरने ईसीएममध्ये सुरुवातीची बेस फाइल टाकली.

चालू करायच्या आधी किल्ली फक्त ऑन, इंधन पंप दोन सेकंद चालतो, तसं तीन-चारदा केलं आणि प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी टिश्यू फिरवला. कोरडा. मग इंधनाचा फ्यूज काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत क्रँक केलं, फ्यूज परत, आणि स्टार्ट.

पहिल्याच फिरक्यात धरलं. आयडल ७०० वर स्थिर, व्हॅक्यूम व्यवस्थित, ब्लोअरचा आवाज जवळजवळ नाहीच. ते बायपास व्हॉल्व्हमुळे. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो तो बायपास उघडा धरतो आणि रोटरने ढकललेली हवा गोल फिरून परत मागे जाते, दाब तयारच होत नाही. पाय दाबला, व्हॅक्यूम गेला की तो बंद होतो आणि मग बूस्ट. त्याचा दांडा आयडलला हलताना बघितला, बोटाने दाबून बघितला, मोकळा आहे. दांडा अडकला तर एकतर बूस्ट येत नाही नाहीतर शांत चालवताना पण हवा तापत राहते.

वाइडबँडवर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर) आयडलला १४.७ च्या आसपास. आज फक्त गरम होऊ दिलं, गळती बघितली, बंद केलं.

शनिवार, ३० मार्च

रस्त्यावर लॉग (गाडी चालताना सेन्सरांच्या आकड्यांची नोंद), पाव थ्रॉटलच्या वर नाही असा नियम. ट्यूनरला (ईसीएमची सेटिंग करून देणारे) लॉग पाठवल्याशिवाय बूस्टमध्ये जायचंच नाही.

इंधनाची ट्रिम (ईसीएम इंधनात स्वतःहून करतो ती दुरुस्ती) ठीक, ३-४ टक्क्यांत. पण इनटेक तापमान खटकलं. बाहेर २८, आणि सिग्नलला उभं राहिलं की ७४, चालायला लागल्यावर पण ६६ च्या खाली येत नाही. एवढ्या तापमानाला ईसीएम स्वतःच टायमिंग (ठिणगी किती आधी पाडायची ते) कापायला लागतो, आणि हे बूस्टशिवाय. ट्यूनरने बघताच विचारलं की पंपाचा आवाज येतो का. येतो. मग म्हणाले पाणी फिरतंय का ते बघा, पंप फिरणं आणि पाणी फिरणं या वेगवेगळ्या गोष्टी.

घरी येऊन बॉनेट उघडलं. ब्रिकमधून बाहेर येणारी नळी हात लावू देत नव्हती एवढी गरम, आणि हीट एक्स्चेंजरची दोन्ही तोंडं गार. टाकीचं झाकण उघडलं तर पाणी संथ, प्रवाह चालू असला की आत भोवरा दिसतो तो नाही. पंपाच्या अंगावर स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावला तर खरखर, म्हणजे पाण्याबरोबर हवा घुसळतोय. हवा अडकलीय, आणि ती अडकली असणार ब्रिकमध्ये कारण तेच सगळ्यात उंच.

रविवार, ३१ मार्च

गाडीचं नाक जॅकवर शक्य तेवढं वर घेतलं, टाकीचं तोंड ब्रिकच्या वर येईपर्यंत. सगळं पाणी काढलं आणि व्हॅक्यूम फिलर लावला, हे हवेच्या कॉम्प्रेसरवर चालणारं साधं उपकरण आहे, आधी सर्किटमधली हवा ओढून घेतं, नळ्या चपट्या होतात, मग कॉक फिरवला की पाणी आपोआप आत ओढलं जातं. सव्वा लिटर पाणी आधीपेक्षा जास्त गेलं. म्हणजे सव्वा लिटर हवा आत होती.

पंप चालू केला, खरखर बंद, टाकीत झाकणाखाली छान भोवरा. परत त्याच रस्त्यावर तोच लॉग. बाहेर २९, सिग्नलला ४६, चालताना ४०-४१. ना नवा भाग लावला ना काही. ज्यांच्या गाड्या 'गरम दिवशी ढिल्या पडतात' त्यांनी आधी हे तपासावं, मोठा हीट एक्स्चेंजर विकत घ्यायच्या आधी.

शनिवार, ६ एप्रिल

बूस्टमधला पहिला पूर्ण लॉग, मोकळ्या बंद ट्रॅकवर, तिसरा गिअर, २५०० पासून. एअर-फ्युएल ११.६, नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे कापलेलं टायमिंग) शून्य, टायमिंग वरती १६ अंश. इंजेक्टर ७८ टक्क्यांवर. पण बूस्ट ४५०० ला ७.४ येतो आणि ५८०० नंतर ६.१ वर उतरतो. टीव्हीएसचा बूस्ट वरती टिकायला हवा किंवा किंचित चढायला हवा. उतरतोय म्हणजे बेल्ट घसरतोय.

बॉनेटखाली बेल्टची काळी पूड होतीच, एका आयडलरच्या बाजूला. सरळ पट्टी ब्लोअरच्या पुलीवर टेकवली तर आयडलर दीड मिलिमीटर बाहेर. किटमधला स्पेसरच जाड आला होता. त्याच्या जागी पातळ वॉशर घालून आयडलर बरोबर ओळीत आणला, नवा बेल्ट, पुलीच्या खोबणी ब्रेक क्लीनरने पुसल्या. लोक अशा वेळी टेन्शनर आवळत बसतात, त्याने घसरणं थोडं कमी होतं पण ब्लोअरच्या पुढच्या बेअरिंगवर भार वाढतो. आधी ओळ बघायची.

परत लॉग, ६५०० पर्यंत ७.५ सरळ रेषेत.

शनिवार, १३ एप्रिल

डायनो. तोच डायनो, तेच करेक्शन. चाकांवर ५२३ हॉर्सपॉवर, आधी ३६८. पण मला आकड्यापेक्षा आलेखाचा आकार आवडला, टॉर्क २८०० पासूनच वर आणि मग जवळजवळ सपाट, कुठे खड्डा नाही, कुठे उसळी नाही.

तीन रन लागोपाठ केले, मुद्दाम, मध्ये थंड न करता. पहिल्या रनच्या सुरुवातीला इनटेक ४३ आणि शेवटी ५८. तिसऱ्याच्या शेवटी ६७, आणि आकडा ५११ वर आला. ट्यूनर ६० च्या वर टायमिंग हळूहळू कमी करणारा तक्ता आधीच भरून बसले होते, तो तिथे काम करताना दिसला. त्यांनी विचारलं, "अजून दोन अंश देऊ का टायमिंग? पंधरा-वीस हॉर्सपॉवर मिळतील." मी नको म्हटलं. त्यांना पण ते पटलेलं दिसलं.

रविवार, २८ एप्रिल

हजारेक किलोमीटर झाले. ऑइल बदललं, फिल्टर कापून घड्या उलगडून चुंबक फिरवला, काही नाही. सातव्याचा प्लग काढून बघितला, रंग चांगला, ठिपके नाहीत. सातव्याची लीकडाउन परत केली, ६ टक्केच. पिनांच्या टोकांवर पेंटची रेघ मारून ठेवली होती ती क्रँकपासून बॅलन्सरपर्यंत अखंड आहे. इंटरकूलरच्या टाकीत पातळी थोडी उतरली होती, उरलीसुरली हवा बाहेर आली असणार, १०० मिलिलिटर भरलं. मॅनिफोल्डचे बोल्ट थंड असताना परत १० न्यूटन-मीटरवर तपासले, पुढचे दोन किंचित सैल निघाले.

लहान पुली घालून ९-१० पीएसआय करा असं बरेच जण सुचवताहेत. या पिस्टनवर आणि पंपावरच्या पेट्रोलवर नाही करणार. त्यापेक्षा पुढचे पैसे ब्रेक आणि मागच्या टायरवर जाणार आहेत, दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा पाय दाबला तरी मागची चाकं सुटतात आणि मूळचे ब्रेक पॅड आता दोन जोरदार थांब्यांनंतर वास मारायला लागतात. पॅड, ब्रेक फ्लुइड आणि स्टीलच्या होज येऊन पडल्यात, पुढच्या शनिवारी पुढच्या चाकांपासून सुरुवात.